राजाच्या कमरेचा रुमाल

प्रश्न (पैठण येथील एक वाचक) : देवाने श्रीखंड्याच्या रूपाने नाथांच्या घरी बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले, ही कथा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. ख्रिस्ती लोक येशूला राजा म्हणतात आणि त्याने शिष्यांचे पाय धुतले असेही सांगतात. या दोन्ही कथा एकच गोष्ट सांगतात, असे म्हणावे का?

उत्तर : दोन्ही कथांचे जवळचे नाते आहे, नाथषष्ठीला नाथांच्या वाड्यातल्या रांजणात पाणी ओतलेल्या माणसाला, येशूने पाय धुतल्याची कथा सांगणारा योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय परका वाटू नये. मात्र एका महत्त्वाच्या जागी त्या वेगळ्या होतात. श्रीखंड्याच्या कथेचा सारा रस लपण्यात आहे. पाणी भरणारा कोण हे घरात कोणालाच ठाऊक नसते, आणि द्वारकेहून शोध घेत आलेल्या भक्तामुळे गुपित फुटताच श्रीखंड्या दिसेनासा होतो. योहानाच्या कथेत लपवाछपवी नाही. ‘तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता आणि ते योग्यच आहे, कारण मी तसा आहे,’ असे येशू पाय धुऊन झाल्यावर शिष्यांना स्पष्ट सांगतो. त्याहून लक्षणीय म्हणजे, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे ओळखून तो जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रे काढून ठेवली आणि रुमाल कमरेस बांधला, असे योहान लिहितो. सगळी सत्ता हाती असल्याची जाणीव आणि कमरेचा रुमाल या दोन गोष्टी त्याने एकाच वाक्यात ओवल्या आहेत.

हे काम त्या समाजात किती खालचे होते, हे जुन्या करारातील अबीगईलच्या उद्गारांवरून कळते. पुढे राजा झालेल्या दाविदाने तिला मागणी घातली तेव्हा ‘आपल्या स्वामीच्या चाकरांचे पाय धुणारी दासी’ अशा शब्दांत तिने स्वतःला सर्वांत खालच्या पायरीवर ठेवले. पाहुण्याला सहसा पाणी दिले जाई आणि पाय तो स्वतःच धूत असे. खेड्यातल्या ओसरीवर आपणही तांब्या पुढे करतो, तसेच. आपल्या लग्नांत वधूपिता वराचे पाय धुतो, वारीत वारकऱ्यांचे पाय धुतले जातात; पण तेथे धुणारा समोरच्याला मोठा मानून वाकत असतो. येशूच्या कथेत गुरू गुरूच राहतो आणि तरीही वाकतो. त्या रात्री येशूला शत्रूंच्या हाती धरून देण्यास निघालेला शिष्य यहूदा अजून पंक्तीतून उठला नव्हता, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. या तपशिलावर प्रवचनांत फारसे बोलले जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै येथील मंडळीला तुरुंगातून लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच विचार पदासारखा मांडलेला आहे. देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे स्वरूप धारण केले, असे मराठी बायबल सांगते. मूळ ग्रीकमध्येही दोन्ही ठिकाणी ‘मॉर्फे’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे दासपण हे वरून पांघरलेले सोंग ठरत नाही. त्यातील ‘असूनही’ हा शब्द मात्र अनुवादकांचा आहे; ग्रीकमध्ये केवळ ‘असता’ एवढाच भाव आहे, आणि काही अभ्यासक तेथे ‘असल्यामुळेच’ असे वाचतात. मला हे वाचन अधिक पटते. देवपण बाजूला सारून केलेली ती सेवा नव्हती. देव असा आहे म्हणूनच ती सेवा घडली. पद तेवढ्यावर थांबत नाही, ते क्रुसापर्यंत उतरते. रोमी राज्यात क्रूस ही गुलामांची शिक्षा होती. इसवी सनपूर्व 71 मध्ये स्पार्टाकस या गुलामाच्या बंडातील सुमारे 6000 गुलामांना आपियन मार्गावर क्रुसांवर टांगण्यात आले होते. तशाच क्रुसावर येशूला खिळले तेव्हा रोमी सुभेदार पिलाताने त्यावर ‘यहुद्यांचा राजा’ अशी पाटी तीन भाषांत लावली. त्याच्या लेखी ती थट्टा होती, ख्रिस्ती मंडळी मात्र तिचा अक्षरशः अर्थ घेतात.

प्रश्न (केज तालुक्यातील एक वाचक) : आमच्याकडे विडा गावात धुळवडीच्या दिवशी जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते आणि सारे गाव हसते. राजाने गाढवावर बसून नगरात येणे म्हणजे अपमानच नव्हे का?

उत्तर : आपल्या कानांना तसे वाटणारच, कारण आपल्याकडे गाढवावरून निघते ती धिंड. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला तेव्हा तेथल्या लोकांना मात्र त्यात दाविदाच्या घराण्याची खूण दिसली असणार, कारण दाविदाचा मुलगा शलमोन याला राज्याभिषेकासाठी नेले तेव्हा त्याला दाविदाच्या खेचरावर बसवले होते. जखऱ्या संदेष्ट्याने येणारा राजा ‘लीन’ आहे आणि गाढवीच्या शिंगरावर बसून येत आहे असे लिहिले, व लगेच पुढच्या ओळीत रथ आणि यरुशलेमेतले घोडे नाहीसे होतील असे सांगितले. तेव्हा येथील विरोध गरिबी आणि श्रीमंतीचा नाही, लढाईचा घोडा आणि शांततेचे वाहन यांचा आहे. या प्रवेशाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वाचला जाणारा मजकूर या दृष्टीने पुन्हा ऐकावा.

प्रश्न (जालना येथील एक वाचक) : आमच्या चर्चमध्ये दर पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. आता त्याचा केवळ उपचार झाला आहे, असे वाटते.

उत्तर : उपचार होण्याचा धोका खराच आहे, आदल्या रात्री घरून पाय घासूनपुसून आलेल्या बारा जणांवर तांब्याभर पाणी ओतणे कोणालाही जड जात नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोममधील अल्पवयीनांच्या तुरुंगात हा विधी केला, त्यात दोन मुलीही होत्या. तोवर हा विधी नियमाने पुरुषांपुरता होता. तो नियम त्यांनी 2016 मध्ये बदलला. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत हा विधीच नाही. तरी अशाच प्रोटेस्टंट मंडळीतले, ब्राह्मण घरात जन्मलेले आणि 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री तुमच्याच जालन्यात येऊन मांग समाजात राबले आणि त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली, ती स्पर्शाचाही विटाळ मानला जाण्याच्या काळात.

जालना जिल्ह्यातील एका लहान चर्चमध्ये काही वर्षांपूर्वी मी हा विधी पाहिला. बाकावर शेवटी बसलेले आजोबा ऐनवेळी कोणाच्या तरी जागी आले होते, शेतातून थेट. टाचांच्या भेगांत काळी माती भरलेली होती. फादर गुडघ्यांवर बसून घमेले पुढे सरकवत आले तेव्हा आजोबांनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले आणि ‘नको फादर, माझे नको,’ असे दोनदा म्हणाले. येशू पाय धुऊ लागला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानेही असेच म्हटले होते. फादर काही बोलले नाहीत, घमेले तेथेच ठेवून हात पुढे करून बसून राहिले. गायनही थांबले होते. बऱ्याच वेळाने एक पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि घमेल्यातले पाणी काळे झाले.