नव्या कॅन्सर औषधांनी मृत्युदर खरेच उतरतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : कॅन्सरवरच्या नव्या औषधाची बातमी दर काही दिवसांनी वाचायला मिळते. मग मृत्यू झपाट्याने कमी का होत नाहीत?

यातली बरीच औषधे मृत्यू टाळत नाहीत, लांबवतात. समजा, एका कॅन्सरने दर महिन्याला १००, म्हणजे वर्षाला १,२०० माणसे दगावतात. १ जानेवारीपासून प्रत्येक रुग्णाला आयुष्य तीन महिन्यांनी वाढवणारे औषध मिळू लागले. पहिले तीन महिने कोणी दगावणार नाही आणि त्या वर्षीची संख्या ९०० भरेल. पुढच्या वर्षी ती पुन्हा १,२०० वर येईल. रुग्णाला मिळालेले तीन महिने खरे आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे, पण आलेखात मात्र एका वर्षाचा खड्डा पडून रेष परत वर जाते. प्रत्यक्षात औषध हळूहळू पसरते, त्यामुळे तो खड्डाही दिसत नाही. अमेरिकेत २००२ ते २०१४ या काळात गाठींच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळालेल्या ७१ उपचारांचा हिशेब झाला, तेव्हा आयुष्यातली वाढ मध्यकाने २.१ महिने निघाली, म्हणजे निम्म्या उपचारांत यापेक्षा कमी आणि निम्म्यांत जास्त.

दुसरे कारण म्हणजे औषध सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. एका कॅन्सरने वर्षाला १,००० मृत्यू होतात असे धरू. औषध ज्या जनुकीय बदलावर चालते, तो यातल्या १५ टक्के रुग्णांत आहे : १५०. त्यातल्या निम्म्यांची चाचणी होऊन औषध सुरू होते : ७५. औषधाने एक तृतीयांश मृत्यू टळतात : २५. म्हणजे चाचणीत ३३ टक्के घट दाखवणारे चांगले औषध लोकसंख्येच्या पातळीवर अडीच टक्के घट देते. दोष औषधाचा नसतो. चाचणी न होणे आणि औषध वेळेत न मिळणे इथेच बरेच गळून जाते.

प्रश्न : आलेख खरोखर वाकवणारी औषधे कोणती?

सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पूर्वी दर वर्षी १० ते २० टक्के रुग्ण दगावत. या गटातली औषधे आल्यावर हे प्रमाण १ ते २ टक्क्यांवर आले. या आजाराची ना सामूहिक तपासणी होते, ना तंबाखू सुटण्याचा त्यावर मोठा परिणाम असतो. म्हणून श्रेय जवळजवळ पूर्ण औषधाचेच. याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही : नवे रुग्ण पूर्वीइतकेच असूनही आजारासह जगणाऱ्यांची संख्या वाढत जाते, कारण कमी माणसे दगावतात. ती वाढ पाहून 'रोग पसरतोय' असे म्हणणे चूक आहे.

फुप्फुसाच्या कॅन्सरचा पुरावा जास्त कष्टाने मिळाला. मृत्यूच्या दाखल्यावर कॅन्सरचा उपप्रकार नसतो, म्हणून संशोधकांनी मृत्यूच्या नोंदी कॅन्सर नोंदणीशी जोडल्या. अमेरिकेत पुरुषांमध्ये नॉन-स्मॉल सेल या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे नवे रुग्ण २००८ ते २०१६ मध्ये वर्षाला ३.१ टक्क्यांनी घटत होते, पण २०१३ ते २०१६ मध्ये मृत्यू वर्षाला ६.३ टक्क्यांनी घटले. नवे रुग्ण कमी होण्याने जेवढी घट समजते, त्यावरची घट उपचारांची. निदानानंतर दोन वर्षे जगणारे पुरुष २६ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेले. ताडून पाहायला फुप्फुसाच्याच कॅन्सरचा दुसरा, स्मॉल सेल प्रकार आहे : त्या काळात त्यावर परिणामकारक नवे औषध नव्हते आणि त्याचे मृत्यू नव्या रुग्णांच्याच गतीने उतरले. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांना, म्हणजे इम्युनोथेरपीला, फुप्फुसासाठी मान्यता २०१५ मध्ये मिळाली, त्यामुळे २०१३ चे वळण प्रामुख्याने जनुकीय बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्यांचे.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये औषध कोणत्या टप्प्यावर देतात हे निर्णायक ठरले. अमेरिकेत १९७५ ते २०१९ मध्ये वयानुसार समायोजित (लोकसंख्येच्या वयोमानातला फरक वजा केलेला) मृत्युदर लाखामागे ४८ वरून २७ वर आला. तपासणी आणि उपचार मिळून जी घट झाली, तिचा ४७ टक्के वाटा पहिल्या तीन स्टेजमधल्या उपचारांचा, २९ टक्के पसरलेल्या आजाराच्या उपचारांचा आणि २५ टक्के मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीचा, असा अंदाज आहे. टॅमॉक्सिफेनसारखी जुनी गोळी पाच वर्षे घेतली, तर हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींमध्ये त्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. शेवटच्या स्टेजला महिने देणारे औषध शस्त्रक्रियेनंतर लगेच दिले, तर कधीकधी आजार परततच नाही. स्तनाच्या एचईआर२ प्रकारच्या गाठींवर चालणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

प्रश्न : पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले, हा पुरावा पुरेसा नाही का?

नाही. एका माणसाचे निदान ६७ व्या वर्षी झाले आणि तो ७० व्या वर्षी गेला : तीन वर्षे. तेच निदान तपासणीत ६४ व्या वर्षी झाले असते आणि तो ७० व्याच वर्षी गेला असता, तरी तो 'पाच वर्षे जगलेला' ठरला असता. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्युदर जागचा हलला नाही. म्हणून आधी मृत्युदर पाहा, तोही वयानुसार समायोजित. मग नव्या रुग्णांची रेष शेजारी ठेवा आणि मृत्यूची रेष औषध आल्यानंतर वळली की आधीच, ते तपासा.

प्रश्न : श्रेय औषधांचे जास्त की प्रतिबंधाचे?

एकूण हिशेबात प्रतिबंध आणि तपासणी खूप पुढे आहेत. अमेरिकेत १९७५ ते २०२० मध्ये स्तन, गर्भाशयमुख, मोठे आतडे, फुप्फुस आणि प्रोस्टेट या पाच कॅन्सरचे सुमारे ५९.४ लाख मृत्यू टळल्याचा अंदाज आहे. त्यातले ८० टक्के प्रतिबंध आणि तपासणीमुळे. एकट्या तंबाखू-नियंत्रणाने ३४.५ लाख. स्तनाचा कॅन्सर अपवाद : तिथे तीन चतुर्थांश वाटा उपचारांचा.

प्रश्न : आईला चौथ्या स्टेजचा फुप्फुसाचा कॅन्सर आहे. नव्या औषधांनी दोन-तीन महिनेच मिळतात, असे वाचले. मग घ्यायचे कशाला?

ती संख्या अनेक औषधांचा मध्यक आहे, तुमच्या आईचे भाकीत नाही. निम्मी औषधे त्याहून जास्त देतात; एकाच औषधाच्या चाचणीतही निम्मे रुग्ण तिथल्या मध्यकाच्या पलीकडे जगतात आणि इम्युनोथेरपीत त्यातले काही फार पुढे जातात. ज्या गाठींत पीडी-एल१ हे प्रथिन किमान ५० टक्के पेशींवर होते, अशा पसरलेल्या नॉन-स्मॉल सेल आजारात पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध घेणारे सुमारे ३२ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. केमोच्या गटात १६ टक्के.

डॉक्टरांना विचारा : या औषधाने एकूण आयुष्य वाढते, की फक्त गाठ वाढायला वेळ लागतो? दोन्ही एक नव्हेत. बेव्हासिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००८ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी यातल्या दुसऱ्या निकषावर, म्हणजे गाठ वाढायला वेळ लागतो यावर, मान्यता मिळाली. आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, म्हणून २०११ मध्ये ती काढून घेतली. तुलना कोणत्या उपचाराशी केली आणि पाच वर्षांनी किती जण हयात होते, तेही विचारा.

इम्युनोथेरपी सुरू झाल्यावर सततचे जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी कळवा : ती चेतवलेली प्रतिकारशक्ती आतड्यावर किंवा फुप्फुसावर उलटल्याची खूण असू शकते; स्टेरॉइड द्यायला उशीर झाला की नुकसान वाढते. आणि तब्येत थांबण्याइतकी बरी असेल, तर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतल्या बदलांचा रिपोर्ट येईपर्यंत इम्युनोथेरपीची घाई नको. हे बदल असलेल्या गाठींवर ती सहसा कमी चालते आणि तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब (ईजीएफआर बदलावरची गोळी) दिल्यास फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. उलट बदल सापडला, तर सुरुवातच गोळीने करता येते.