आमटीतून गोळी घालू का?

प्रश्न: डॉक्टर, आमचे हे रोज पितात, पाया पडून सांगून झालं, सासूबाईंनी शपथा घालून झाल्या. शेजारच्या काकी म्हणतात मेडिकलमधून दारू सोडवायची गोळी आण आणि कुटून आमटीत घाल, कळणार पण नाही. ह्यांना बीपी आहे. घालू का?
– एक वाचक, गंगावेश, कोल्हापूर

उत्तर: ताई, घालू नका. आणि घातली असेल तर आजच त्यांना आणि डॉक्टरांना सांगा, कारण तिचा असर दोन आठवडे पण राहू शकतो.

त्या गोळीत बहुतेक डायसल्फिराम असतं. त्यानं दारू आपोआप सुटत नाही. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं, त्याचा निचरा ही गोळी अडवते, मग वर प्यायलं की तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, आणि हृदयाचा त्रास असला तर माणूस जाऊ पण शकतो. गोळी घेतलीय हे माहीत असतं म्हणूनच माणूस ग्लासापासून लांब राहतो, सगळा उपयोग त्या माहितीचाच आहे. तुमच्या मिस्टरांना माहीतच नसेल तर ते पिणारच, आणि रात्री सीपीआर रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं काय घेतलंय, तर ते काय सांगणार?

कायद्याचं पण ऐका. इजा होईल हे माहीत असून कुणाला अपायकारक औषध दिलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 123 लागू शकतं, 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये व्यसनाचे आजार पण येतात, आणि तो म्हणतो समजून निर्णय घेता येत असेल तर उपचार संमतीनंच. रात्री पिऊन तर्र असलेला माणूस सकाळी शुद्धीवर असतो, तेव्हा निर्णय त्याचाच. जिवावर बेतलं तर डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतात, पण ती मुभा डॉक्टरांना, स्वयंपाकघराला नाही. तुमचा हेतू चांगला आहे हे मला पटतं, तरी नवऱ्याच्या ताटात लपवून औषध घालणं मला मान्य नाही, एकदा कळलं की तो घरचं जेवण पण संशयानं खाईल.

सकाळी बोला. तयार झाले तर मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या, बीपीचं सांगा, योग्य वाटलं तर हीच गोळी ते उघड देतील, रोज तुमच्यासमोर घ्यायची. कोंडून दारू एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. ते नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या जा किंवा 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलता येतं.