काठिण्य, कडकपणा की ताठरता?

कोल्हापूरहून आलेला प्रश्न असा : मानेच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘आर्टेरियल स्टिफनेस’ असे लिहिलेले असते. त्याला रोहिणीचे, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीचे, काठिण्य म्हणावे, कडकपणा की ताठरता? आणि लवचिकता हा त्याचा विरुद्धार्थी शब्द धरावा का?

ताठरता म्हणावे. काठिण्य का नको, हे तुमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही लोखंडकाम करणारा कारागीर सांगेल. पोलादाच्या पट्टीला पाणी दिले की ती कठीण होते, कानशीला दाद देत नाही. पण तिच्या टोकाला पूर्वीइतकेच थोडे वजन टांगले तर ती जवळपास पूर्वीइतकीच वाकते. ओरखडा वा खड्डा पडू न देणे म्हणजे काठिण्य; आकार बदलू न देणे म्हणजे ताठरता. शिवाय ‘रोहिणीकाठिण्य’ हे रोगाचे नाव म्हणून रुळले आहे. तेच नाव एका आकड्याला दिले तर अहवाल वाचणारा विनाकारण घाबरेल. कडकपणा बोलताना चालेल. फक्त कोल्हापुरात ‘कडक’ ही दाद असते, एवढे लक्षात असू द्या.

क्रियापदाकडे मात्र जास्त लक्ष हवे. ‘सोनोग्राफीत ताठरता दिसली’ हे वाक्य चूक आहे. सोनोग्राफीत दिसते ती नळीची रुंदी. माणसाला दहाएक मिनिटे उताणे निजवतात, मग मानेतली रोहिणी जिथे दुभंगते त्याच्या १-२ सेंमी खाली प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा दांडा, धरून ठोक्यागणिक व्यास किती बदलतो ते टिपतात. समजा तो ६.० मिमीवरून ६.५ मिमी झाला, म्हणजे सुमारे ८.३ टक्के वाढला. दाब दंडाच्या पट्ट्यातून घेतात, समजा १२०/८०. आता वरच्या दाबाला खालच्याने भागून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्यायचा, ०.४०५, आणि त्याला ०.०८३ ने, म्हणजे व्यासाच्या त्या ८.३ टक्के वाढीने, भागायचे. उत्तर ४.९ च्या आसपास येते. हा ‘बीटा’ ताठरता निर्देशांक. त्याला एकक नाही. त्याच दाबाला व्यास ६.२ मिमीपर्यंतच गेला असता तर निर्देशांक १२ च्या वर गेला असता. म्हणून ताठरता ‘काढली’ म्हणावे.

हिशेबात दाब असल्यामुळे चूकही तिथूनच शिरते. तरुणांमध्ये दंडातल्या वरच्या-खालच्या दाबातला फरक मानेतल्यापेक्षा जास्त असतो. दंडाचाच आकडा घातला तर चांगली रोहिणी आहे त्यापेक्षा ताठर ठरते. दुसरी चूक हाताची. प्रोब दाबून धरला तर रोहिणीला मोकळेपणी फुगता येत नाही. शेजारची नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी नळी, पडद्यावर चपटी झाली की समजावे, हात जड पडलाय. तिसरे, प्रोब तिरका धरला की छेद लंबगोल होतो आणि व्यास फुगवून दिसतो.

आता लवचिकता. या शब्दात ‘लवणे’ आहे, म्हणजे वाकणे. कोल्हापुरी चपलेचा तळ तेल पाजल्यावर सुरेख लवतो, पण ओढून तो लांब होत नाही. रोहिणीची भिंत लवते की नाही हा इथला प्रश्नच नाही. ती ताणते का आणि ठोका सरला की जागेवर येते का, हे पाहायचे आहे. तेव्हा ताठरतेच्या उलट बाजूला ‘प्रसरणशीलता’ ठेवावी. घरात सांगताना ‘नळी किती फुगते’ एवढे पुरे.

‘स्थितिस्थापकता’ हा शब्द शाळेपासून ओळखीचा, म्हणूनच जपून वापरायचा. भौतिकशास्त्रात स्थितिस्थापकता गुणांक जितका मोठा तितका पदार्थ ताठर. ‘रोहिणीचा स्थितिस्थापकता गुणांक वाढला’ ही वाईट बातमी आहे, आणि सामान्य वाचक ती आनंदाने वाचेल. अहवालात असे लिहावे : ‘दर ठोक्याला रोहिणीचा व्यास ३.३ टक्के वाढतो, या दाबाला काढलेला ताठरता निर्देशांक १२.’