भोवरा पडत का नाही, आणि मग शेवटी का पडतो?

तुमचे प्रश्न दोन आहेत: फिरता भोवरा उभा कसा राहतो, आणि हवा नसलेल्या जागी तो कायम फिरत राहील का?

आधी पहिला. मी फोंड्याला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, आणि 'फिरण्यामुळे गुरुत्वाकर्षण रद्द होतं' असं उत्तर दरवर्षी ऐकतो. काहीही रद्द होत नाही. कललेल्या भोवऱ्याला गुरुत्वाकर्षण खाली पाडायलाच बघतं. पण भोवऱ्यापाशी अक्षाच्या दिशेने भरपूर कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) असतो आणि पाडणारं आघूर्ण (फिरवू पाहणारा बलाचा परिणाम) त्याला काटकोनात लागतं. त्यामुळे अक्ष खाली जाण्याऐवजी बाजूला सरकतो, पुन्हा सरकतो, आणि डोकं गोल फिरू लागतं. हे परांचन. न फिरणाऱ्या भोवऱ्याकडे असा संवेगच नसतो, म्हणून तेच आघूर्ण त्याला सरळ आडवं करतं.

आता गंमत घर्षणाची. घर्षणाने फिरण्याचा वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाईवर येते, पण परांचनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून मरायला टेकलेला भोवरा डोकं जास्त जोरात घुमवतो. वेग एका मर्यादेखाली गेला की अक्ष सावरत नाही. पडतानाही भोवरा फिरतच असतो, हे नीट बघा. आणि हेच घर्षण त्याला उभंही करतं: बोथट आर (भोवऱ्याचं खालचं टोक) जमिनीवर घासते आणि तिरका सोडलेला भोवरा हळूहळू ताठ होतो. अणकुचीदार आर असेल तर हा परिणाम फारच कमी.

दुसरा प्रश्न. हवा काढली तरी आर जमिनीला घासतेच, त्यामुळे भोवरा जास्त वेळ फिरेल, कायम नाही. आधारच नको असेल तर नासाच्या 2004 सालच्या ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहाकडे बघा. त्यात टेबलटेनिसच्या चेंडूएवढे क्वार्ट्झचे गोळे निर्वातात, विद्युतबलाने अधांतरी ठेवून फिरवले होते. त्यांचा वेग लक्षणीय घटायला हजारो वर्षं लागली असती. मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या जायरोकंपासाला (फिरत्या चाकाच्या आधारे उत्तर दिशा दाखवणाऱ्या यंत्राला) ही चैन परवडत नाही. तिथे मोटर घर्षणात गेलेली ऊर्जा सतत भरून काढते.

मुलासाठी भोवरा घेणार असाल तर उंच, निमुळता घेऊ नका. बुटका आणि कडेला जड असलेला घ्या, तो जास्त वेळ टिकतो.