तिसरा किलोवॅट घ्यावा का?

प्रश्न : साताऱ्यात आमचं स्वतःचं घर आहे. वर्षाला सुमारे ३,१०० युनिट वीज लागते, बिलापोटी ३४ हजार जातात. विक्रेत्याने सोलरसाठी २ किलोवॅटचे १ लाख ३५ हजार आणि ३ किलोवॅटचे १ लाख ९५ हजार सांगितले आहेत. सबसिडी जास्त मिळते म्हणून ३ किलोवॅटचंच घ्या, असा त्याचा आग्रह आहे. पैसे वसूल होतील का?

उत्तर : होतील, पण २ किलोवॅटचंच घ्या. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. पावसाळ्यात ते बरेच घटतात, म्हणून हात राखून वर्षाला १,३५० धरू. २ किलोवॅटचे २,७०० झाले. उरलेले ४०० युनिट महिन्यांवर वाटले, तर महावितरणच्या पहिल्या १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यातच बसतात. सोलर आधी बिलातले महागडे युनिट कमी करतं, खरी बचत तिथेच होते. तिसऱ्या किलोवॅटच्या वाट्याला हे स्वस्त युनिट आणि वरची शिल्लक येते. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे महावितरणला दिलेले युनिट बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, शिल्लक पुढच्या महिन्यात वळती होते खरी, पण मार्चअखेर उरलेल्या युनिटांना आपल्या खरेदीदरापेक्षा खूप कमी भाव मिळतो.

सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात. म्हणजे तुमच्या खिशातून २ किलोवॅटला ७५ हजार, ३ ला १ लाख १७ हजार जातील. स्थिर आकार भरावाच लागतो. तो धरूनही वर्षाला २९ हजारांच्या आसपास वाचतील आणि ७५ हजार पावणेतीन वर्षांत सुटतील. वरच्या ४२ हजारांना मात्र सात-आठ वर्षं लागतील. लवकरच एसी किंवा विजेची स्कूटर घेणार असाल, तर ३ किलोवॅट घ्या. सबसिडी नंतर खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय लागते.

सही करण्याआधी गच्चीवरची सावली पाहा. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असतात; एकावर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते. पॅनेलपेक्षा दीड मीटर उंच असलेल्या पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरअखेर भर दुपारी उत्तरेकडे सव्वा मीटर पडते, सकाळी ९ ला अडीच मीटरच्या पुढे जाते. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला ती दिसतच नाही. पॅनेल टाकीच्या दक्षिणेला बसवून घ्या.

कोटेशनमध्ये डीसीआर, म्हणजे भारतीय सेलचे पॅनेल, असा स्पष्ट उल्लेख हवा; नाहीतर सबसिडी अडकते. एसी (घराकडची वीज), डीसी (पॅनेलकडची वीज) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचं अर्थिंग वेगवेगळं लिहून घ्या. पैसे वाचवायला तिन्ही तारा एकाच खड्ड्यात सोडल्या, तर पावसाळ्यात सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) जळण्याची भीती असते.

प्रश्न : लाईट गेली तर सोलरवर पंखे चालतील ना?

उत्तर : नाही. बॅटरीविना ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला, संच लाईट गेली की लख्ख उन्हातही बंद पडतो. तो चालू राहिला, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या तारेत वीज येईल, म्हणून तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर काढू नका.