भावाचा पाय अपघातात मोडला, कारमालक पन्नास हजारांत मिटवू म्हणतो. पैसे घ्यावेत का?

सही करू नका. भाऊ 34 वर्षांचा, गवंडीकाम करणारा. साताऱ्याकडे नागठाण्याजवळ हायवेवर त्याच्या मोटरसायकलला कारने मागून ठोकलं, मांडीच्या हाडात रॉड पडला, आणि कारमालकाला नोटरीच्या कागदावर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून हवंय. कारचा थर्ड पार्टी विमा चालू असेल, तर भरपाई विमा कंपनी भरते, त्याच्या खिशातून जात नाही. तुम्ही दिलेला कागद मात्र उद्या कंपनीचा वकील कोर्टात दाखवील. शिवाय अशा कागदाने पोलीस केसही मिटत नाही.

पन्नास हजार किती कमी आहेत ते बघा. महिन्याला 15,000 मिळकत सिद्ध झाली, तर स्वतःचं काम करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात, म्हणजे 21,000. वर्षाचे 2,52,000. ही रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, 31 ते 35 वयाला तो 16. कामाची क्षमता 30 टक्के गेली असं धरलं तरी 12,09,600 होतात. दवाखान्याची बिलं, वेदनांची भरपाई, बसून गेलेल्या महिन्यांची मजुरी वेगळी.

सगळा जोर त्या 30 टक्क्यांवर असतो आणि इथेच दावे पडतात. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा बहुतेक वेळा पायाचा असतो, पूर्ण शरीराचा नाही. न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट, बघतं ते त्या माणसाच्या धंद्याचं किती नुकसान झालं. टेबलावर बसणाऱ्याला लंगडेपणा निभावून नेता येतो. गवंड्याला परांचीवर चढता आलं नाही, उकिडवं बसता आलं नाही, तर त्याचा धंदाच अर्धा गेला. दाखला देणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी हे कोर्टात येऊन सांगायला हवं. नुसता दाखला दाखल केला आणि डॉक्टर साक्षीला आले नाहीत, तर कंपनी त्यावर हरकत घेते आणि टक्का कापला जातो. दाखला हाड जुळल्यावर घ्या, पण दाव्यासाठी तेवढं थांबू नका.

आज-उद्याच एक काम करा. पहिल्या दवाखान्याचा केस पेपर मागवा आणि ‘हिस्ट्री’ची ओळ वाचा. घाईत तिथे ‘मोटरसायकलवरून पडून’ एवढंच लिहिलेलं असतं, कारचा उल्लेखच नसतो. मग कंपनी म्हणते, कार नंतर आणून घुसडली. तसं असेल तर भावाचा आणि बघणाऱ्याचा जबाब पोलिसांकडे लगेच नोंदवून घ्या. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही गाड्यांचे पंचनामे, कारचं आरसी, पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या नकला काढा. पंचनाम्यात गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडली होती ते नीट तपासा. ‘दोघांची चूक’ ठरली की तेवढी रक्कम वजा होते.

मिळकतीला पावत्या नसतातच. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड, बँक पासबुक आणि ज्याच्याकडे काम करतो त्या ठेकेदाराची साक्ष, एवढ्यावर भागतं. औषधाची प्रत्येक पावती भावाच्या नावाची घ्या, मेडिकलवाल्याची चिठ्ठी चालत नाही.

दावा दाखल करायची मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. 1 एप्रिल 2022 पासून ही तरतूद लागू आहे. ती सुप्रीम कोर्टात आव्हानाखाली आहे, पण त्यावर विसंबून तारीख घालवू नका. अपघात साताऱ्यात झाला तरी तुम्ही तासगावचे, त्यामुळे दावा सांगलीला दाखल करता येतो, दर तारखेला साताऱ्याला जावं लागत नाही.

वकिलाने मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागितली तर नकार द्या. तशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. ठरलेली रक्कम लेखी घ्या. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर वरचा हिशोब हातात धरूनच आकडा बोला, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.