लॅपटॉप घेण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा ऐकले. कला शाखेत प्रवेश मिळाला, अर्थशास्त्र आणि मराठी हे विषय घेतले, आणि आता वडिलांनी बाजूला ठेवलेल्या पैशांतून नेमके काय विकत घ्यावे, असे तू विचारले आहेस. कोणीतरी कॅमेरा बसवलेला चष्माही सुचवला आहे, जो समोर धरलेला कागद वाचून दाखवतो. चष्मा सध्या राहू दे, असे माझे मत आहे. चौतीस वर्षे इतिहास शिकवताना आणि त्याआधी तुझ्यासारखाच दृष्टिहीन विद्यार्थी म्हणून शिकताना माझ्या लक्षात आले ते एवढेच, की उपकरण दुकानात मिळते, पण त्या उपकरणाला वाचता येईल असा मजकूर मागून मिळवावा लागतो, आणि तो सत्राच्या सुरुवातीला हाती आला की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, यावर तुझे वर्ष ठरेल.

लॅपटॉपचा प्रश्न लवकर संपतो. विंडोज असलेला, बऱ्यापैकी बॅटरीचा कोणताही साधा लॅपटॉप चालेल. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, विनामूल्य आहे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तो तयार करायला घेतला, आणि त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक मुलांचा महागड्या सॉफ्टवेअरचा खर्च वाचला. हेडफोन मात्र वायरचाच घे. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा येतो आणि पुष्कळदा शब्दाचे पहिले अक्षर गिळले जाते, त्यामुळे भराभर वाचताना जीव मेटाकुटीला येतो. वर्गात एकाच कानात लाव. दुसरा कान शिक्षकांसाठी मोकळा हवा. स्क्रीन रीडरचा आवाज निवडताना मराठीचा निवड, हिंदीवर भागवू नकोस, नाहीतर ज्ञानेश्वर वर्षभर ‘ग्यानेश्वर’ म्हणून भेटत राहतील. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शीक. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात, क आणि ख एकाच कळीवर शेजारधर्माने राहतात, आणि पडद्यावरच्या पर्यायांतून शब्द निवडत बसावे लागत नाही, म्हणून बोटांना तो पंधरा दिवसांत पाठ होतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुझ्या हाती येणारा मराठी मजकूर तीन प्रकारचा असेल. पहिला युनिकोडमधला, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला संगणकात स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो; तो तुझा लॅपटॉप सरळ वाचेल. दुसरा जुन्या फॉन्टमधला. आपल्याकडे अनेक वर्षे श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकन झाले, अजूनही काही ठिकाणी होते, आणि या फॉन्टांत डोळ्यांना मराठी अक्षर दिसत असले तरी संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असते. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द स्क्रीन रीडरला ‘ई जे के बी एच’ असा दिसतो आणि तो बिचारा प्रामाणिकपणे तसाच वाचतो. नवख्या विद्यार्थ्याला वाटते, की आपला संगणक बिघडला. बिघडलेले काही नसते. फॉन्टचे नाव विचारायचे आणि त्या फॉन्टचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्या फॉन्टला चालत नाही, म्हणून नाव विचारणे महत्त्वाचे.

तिसरा प्रकार सर्वांत अधिक भेटेल: पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, पीडीएफ करून वर्गाच्या गटावर टाकलेले. त्यात संगणकाच्या दृष्टीने एकही अक्षर नसते, नुसती चित्रे असतात. कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवड, कॉपी कर आणि कोऱ्या नोटपॅडमध्ये चिकटव. काहीच उमटले नाही, तर ती चित्रे आहेत असे समज. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की अक्षरओळख होऊन मजकूर बाहेर येतो, आणि मराठीसाठीही ते काम बरे होते. परंतु वाकड्या फोटोतून वाकडाच मजकूर निघतो. पुस्तक सपाट ठेवून ३०० डीपीआयने (इंचामागे ३०० ठिपके) स्कॅन केले तर चुका पुष्कळ कमी होतात. तरीही रफार हरवतो, ‘दुसऱ्या’चा ‘दुसया’ होतो, तळटीप मधल्याच परिच्छेदात घुसते आणि कोष्टकाचा तर पार चिवडा होतो. म्हणून कोणा वर्गमैत्रिणीला आठवड्यातून तासभर शेजारी बसवून शंकास्थळे दुरुस्त करून घे. आमच्या काळी मित्र कॅसेटवर पुस्तके वाचून देत, पाठीमागे कुकरच्या शिट्ट्यांसह. हवे ते पान शोधायला अर्धी कॅसेट मागे-पुढे करावी लागे. तुला ते करावे लागणार नाही, पण माणसांची गरज संपली आहे असे मात्र समजू नकोस.

यावरून तुझे पहिले काम कोणते, हे ध्यानात येईल. सत्र सुरू होताच प्रत्येक शिक्षकांना स्वतंत्र ईमेल लिही: या सत्रात कोणती पुस्तके व कोणती प्रकरणे लागणार, त्यांनी स्वतः टंकलेल्या टिपणांची मूळ वर्ड फाइल मिळेल का, आणि फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने उच्चारतील का. ‘मला मदत करा’ असे मोघम लिहू नकोस. मोघम विनंतीला मोघम सहानुभूती मिळते आणि काम तिथेच राहते. पुस्तकांची यादी हाती आली की ती सुगम्य पुस्तकालयात शोध. २०१६ साली सुरू झालेले हे वाचनसुलभ पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय आहे आणि अशी पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांचे जाळे असलेल्या डेझी फोरम ऑफ इंडियाच्या सदस्यसंस्थांमार्फत त्याचे सदस्यत्व मिळते. मुंबईत असशील तेव्हा सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीच्या संसाधन केंद्रालाही जाऊन ये.

पुस्तक स्कॅन करून देणे बेकायदेशीर ठरेल, अशी भीती एखादे ग्रंथपाल व्यक्त करतील. त्यांना नम्रपणे सांग, की २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रत करण्याची स्पष्ट सूट आहे, आणि या विषयावरचा मराकेश करार मंजूर करणारा भारत हा २०१४ साली जगातला पहिला देश होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार आवश्यक ती वाजवी सोय करून देणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य आहे. मात्र कायद्याचे कलम पहिल्याच भेटीत काढू नये, असे माझे मत आहे. मी तरुणपणी ते करून पाहिले आहे. सोय मिळाली, पण पुढे तीन वर्षे त्या कार्यालयात माझा प्रत्येक कागद सर्वांत शेवटी हलला. आधी लेखी विनंती, मग स्मरणपत्र, आणि त्यानंतर कलम, असा क्रम ठेव व प्रत्येक पत्राची पोच जपून ठेव.

परीक्षेविषयी तू काहीच विचारलेले नाहीस, आणि मला काळजी त्याचीच आहे. लेखनिक घ्यायचा की संगणकावर स्वतः उत्तरे लिहायची, हे आताच ठरव. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ, संगणकावर परीक्षा देण्याचा पर्याय आणि तो संगणक एक दिवस आधी तपासून पाहण्याची मुभा नमूद होती. अशा सूचना बदलत असतात, म्हणून तुझ्या विद्यापीठाचे चालू वर्षाचे परिपत्रकच वाच. आदल्या दिवशीची तपासणी मात्र काही झाले तरी चुकवू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्याला परीक्षाकेंद्रावर स्क्रीन रीडर मिळाला, पण त्यात मराठी आवाजच नव्हता. तो बसवेपर्यंत पहिली पंचवीस मिनिटे गेली आणि ती कोणी भरून दिली नाहीत. लेखनिक घेणार असशील, तर तोंडी उत्तर सांगण्याचा सराव कर. स्वल्पविराम, परिच्छेद आणि विशेषनामे सांगत लिहवून घेणे हे वेगळेच कौशल्य आहे.

मराठी हा तुझा विषय आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ब्रेल सोडू नकोस. सतत ऐकून शिकणाऱ्याचे शुद्धलेखन हळूहळू ढासळते, कारण यंत्राचा आवाज भराभर ऐकताना दिन आणि दीन, सुत आणि सूत यांतला फरक कानाला जाणवत नाही. बोटांना जाणवतो. कविता तर ऐकण्याबरोबर चाचपूनही वाचावी, तेव्हा कुठे ओळ संपते ती जागा कळते. तुझ्या वडिलांनी ठेवलेल्या पैशांतून काही विशेष घ्यायचेच असेल, तर वर्षभराने वीस अक्षरांच्या लहान ब्रेल डिस्प्लेचा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या उपकरणाचा, विचार करू. चष्म्याचे काम तोवर तुझा फोन करील. अर्थशास्त्रातील आलेखांसाठी साधी रबरी पाटी आणि तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद पुरेसा आहे, पेनाने ओढली की रेषा उठते. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली का उतरतो, हे बोट एकदा फिरवले की कायमचे लक्षात राहील. फोनमधील नवी ॲप आलेखाचे वर्णन मोठ्या आत्मविश्वासाने करतात, पण आकडे कधीकधी मनाने घालतात, तेव्हा आकडे माणसाकडूनच तपासून घे.

दुकानात जाल तेव्हा एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर बरोबर ने. ती बसवावी न लागता चालते, त्यामुळे दुकानदाराची हरकत सहसा नसते. लॅपटॉप चालू करून स्वतः एखादे पान वाच, एफ आणि जे या कळींवरचे उंचवटे बोटाला ठळक लागतात का ते पाहा, हेडफोनचे छिद्र आहे ना तेही चाचप, आणि दुकानदार वडिलांशी बोलू लागला तरी प्रश्न तूच विचार. पुस्तकांची यादी मिळाली की मला पाठव. त्यातली दोन-तीन पुस्तके माझ्याकडे दुरुस्त केलेल्या स्वरूपात असण्याची शक्यता आहे.

तुझा,
एक जुना विद्यार्थी